सोळा पानांची किंमत : एका जुन्या रोल-प्लेइंग पुस्तकाचं मूल्यांकन

जाहिरातीचा मजकूर थोड्याफार फरकानं नेहमी असाच असतो : ‘डीटीज अँड डेमिगॉड्स. फर्स्ट एडिशन. १९८०. अतिशय दुर्मीळ. बंदी आलेलं पुस्तक. क्थुलूसह.’ सोबत मुखपृष्ठाचा फोटो, मलपृष्ठाचा फोटो, फार तर कोपऱ्यांचा एखादा. किंमत मात्र दणदणीत.

या मजकुरात पाच दावे आहेत. ‘फर्स्ट एडिशन’ आणि ‘१९८०’ हे दोन खरे आहेत, पण त्यांचा भाव ठरवायला काही उपयोग नाही. ‘दुर्मीळ’ आणि ‘बंदी’ हे दोन चुकीचे आहेत. उरला ‘क्थुलूसह’; क्थुलू म्हणजे भयकथांतला एक अक्राळविक्राळ देव. सगळी किंमत या एका शब्दावर उभी आहे आणि नेमका त्याचाच पुरावा फोटोंत नसतो.

जुन्या फँटसी खेळांची पुस्तकं जमवणाऱ्या कुणालाही हे पुस्तक एकदा तरी आडवं येतंच. एकाच नावाचं, एकाच मुखपृष्ठाचं, आत एकच साल छापलेलं पुस्तक, पण एक प्रत १४४ पानांची आणि दुसरी १२८ पानांची. दोन्हींच्या भावात दोन-तीन पटींचा फरक. हा फरक कुठून आला आणि समोर आलेल्या प्रतीला किती पैसे द्यायचे, एवढंच हे प्रकरण आहे.

खेळ, कंपनी आणि ओडिनचे शंभर पॉइंट

ज्यांचा या खेळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ १९७४ साली आला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापलं पात्र चालवतात, आणि वार लागला की हुकला हे फासे ठरवतात. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. सगळा खेळ पुस्तकांत. म्हणूनच संग्राहक पुस्तकांच्या मागे लागतात. पहिल्या छपाईच्या फक्त १००० प्रती होत्या; लाकडाच्या रेषांचा कागद चिकटवलेल्या खोक्यांत त्या पुस्तिका गायगॅक्सच्या घरी हातानं भरल्या जात आणि खोक्याची किंमत होती १० डॉलर. कंपनीचं नाव टीएसआर, गाव लेक जिनिव्हा, राज्य विस्कॉन्सिन.

१९७६ मध्ये या खेळाची चौथी पुरवणी आली, ती देवांची. लेखक रॉब कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड. तिच्या प्रस्तावनेतला संपादकाचा सूर त्रासलेल्या मास्तरांचा आहे. काही ठिकाणी खेळ चालवणारे इतकी खिरापत वाटत होते की खेळाडूंची पात्रं चाळिसाव्या पातळीच्याही वर गेली होती. त्यांना जमिनीवर आणण्यासाठी देवांचे आकडे छापून टाकले : प्रत्यक्ष ओडिनला ३०० हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचा आकडा) असतील तर तुमच्या चव्वेचाळिसाव्या पातळीच्या सरदाराला कोण विचारतो, असा एकूण युक्तिवाद. परिणाम अर्थातच उलटा झाला. देवाला आकडा दिला की त्याला मारता येतं हे बारा वर्षांच्या पोराला सांगावं लागत नाही. १९८० च्या पुस्तकात ओडिन ४०० वर गेलेला दिसतो.

ते १९८० चं पुस्तक म्हणजेच ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’. लेखक तेच दोघे, नावांचा क्रम उलटा. दरम्यान कंपनीनं खेळाची ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ शाखा काढली होती आणि तिची जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची मोठी पुस्तकं वर्षाला एक या गतीनं येत होती : १९७७ मध्ये राक्षसांचं, १९७८ मध्ये खेळाडूंचं, १९७९ मध्ये डंजन मास्टरचं, म्हणजे गोष्ट पुढे नेणाऱ्याचं. हे चौथं. मुखपृष्ठावरचं चित्र एरोल ओटसचं : खाली माणसं, वर आभाळात एकमेकांवर धावून जाणारे देव. आजही ते चित्र पाहिलं की हा माणूस नक्की कुठल्या ग्रहावर राहत होता असा प्रश्न पडतो.

सतरा पुराणं

आत सतरा दैवतमालिका आहेत, इंग्रजी वर्णानुक्रमानं. अमेरिकन आदिवासी, आर्थर राजाचे सरदार, बॅबिलोन, केल्ट, मध्य अमेरिका, चीन, क्थुलू, इजिप्त, फिनलंड, ग्रीस, भारत, जपान, मेल्निबोने, नेव्हॉन, मानवेतर वंशांचे देव, नॉर्स आणि सुमेर.

भारताच्या प्रकरणात इंद्र, अग्नी, वरुण, यम, सूर्य, विष्णू, काली असे आपले सगळे ओळखीचे. उषा आणि रात्री यांनाही जागा आहे; वैदिक सूक्तांतल्या या दोघी लेक जिनिव्हाच्या एका कंपनीच्या पुस्तकात, शेजारी आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड त्याचा आकडा) आणि हालचालीचा वेग लिहिलेल्या, अशा भेटतात तेव्हा मराठी वाचकाला हसावं की कपाळाला हात लावावा कळत नाही. मी हसतो. यात उपहास नाही. झ्यूसला आणि ओडिनलाही त्यांनी असंच मापलं आहे, त्यामुळे पंक्तिप्रपंच केला असं म्हणता येत नाही.

आता ही यादी पुन्हा एकदा मालकीच्या नजरेनं वाचा. इंद्राचा, झ्यूसचा, ओडिनचा कुणी हक्कदार नाही. त्यांचे आकडे छापायला कुणाची परवानगी लागत नाही. पण सतरांपैकी तीन दैवतमालिका कंपनीबाहेरच्या लेखकांनी नुकत्याच रचलेल्या होत्या. नेव्हॉन हे फ्रिट्झ लायबरचं जग. त्याचं आणि टीएसआरचं जमलेलं होतं, कंपनीनं १९७६ मध्ये त्याच्या लान्खमार शहरावर पटाचा खेळही काढला होता. मेल्निबोने म्हणजे मायकेल मूरकॉकच्या एलरिकचं राज्य : पांढऱ्याफटक कांतीचा दुबळा सम्राट आणि त्याची आत्मे पिणारी काळी तलवार. क्थुलू भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टचा; समुद्रतळाशी निजलेला, तोंडाला सोंडांचं झुपकं असलेला. लव्हक्राफ्ट १९३७ मध्येच वारला होता, पण त्याच्या लेखनावर हक्क सांगणारं प्रकाशन होतं, अर्कहॅम हाउस. गंमत म्हणजे तेही विस्कॉन्सिनचंच, सॉक सिटी गावचं.

पुस्तकातून पुढे बाहेर पडले ते यांतले दोन. ज्यांचा कुणी मालक नव्हता ते सगळे देव सुखरूप राहिले.

केऑसियम, आणि न झालेला खटला

कॅलिफोर्नियात केऑसियम नावाची दुसरी एक खेळ कंपनी होती. ग्रेग स्टॅफर्डनं १९७५ मध्ये काढलेली, टीएसआरच्या मानानं लहान, पण वकूब असलेली. एलरिकच्या आणि क्थुलूच्या जगावर खेळ काढण्याचे परवाने तिनं रीतसर घेतले होते. दोन्ही खेळ १९८१ मध्ये बाजारात आले. त्यांची तयारी चालू असताना टीएसआरच्या नव्या पुस्तकात तेच देव दिसले.

इथून पुढची हकिकत बाजारात फार तिखटमीठ लावून सांगितली जाते : खटला झाला, न्यायालयानं पुस्तक थांबवलं, प्रती नष्ट केल्या, वगैरे. प्रत्यक्षात दोन धंदेवाईक माणसांनी बसून मिटवावं तसं मिटलं. केऑसियमनं हरकत कळवली. तडजोड अशी झाली की टीएसआरनं दोन्ही प्रकरणं ठेवावीत, फक्त पुढच्या मुद्रणात ऋणनिर्देशात केऑसियमचे आभार मानावेत. बदल्यात केऑसियमला आपल्या ‘थीव्ज वर्ल्ड’ या १९८१ च्या संचात टीएसआरच्या खेळाचे आकडे वापरायला मोकळीक मिळाली. त्या संचात एकाच शहराची पात्रं अनेक कंपन्यांच्या नियमांत बसवून दिली होती, त्यामुळे ही मोकळीक केऑसियमला मोलाची होती.

म्हणून पहिलं मुद्रण १४४ पानांचं, आभारांची ओळ नसलेलं. दुसरं मुद्रण १४४ पानांचं, ओळ असलेलं. आणि तिसरं १२८ पानांचं, दोन्ही प्रकरणं गाळलेलं. ती गाळायला कुणी सांगितलं नव्हतं. परवानगी हातात होती. पण आपल्या ठेवणीतल्या पुस्तकात प्रतिस्पर्ध्याचे आभार दर छपाईला छापत बसायचं, हे टीएसआरला रुचेना. शिवाय त्या देवांची गोडी लागलेला गिऱ्हाईक पुढे कुणाचा खेळ घ्यायला जाणार, हे उघड होतं.

गाळलेली पानं बरोबर सोळा. छापखान्याशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांच्या लक्षात येईल की सोळा पानी फर्म्याच्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) हिशेबानं १४४ म्हणजे नऊ फर्मे आणि १२८ म्हणजे आठ. एक अख्खा फर्मा वाचला. दोन प्रकरणांची मिळून इतकी नेमकी पानं भरली हा योगायोग की थोडी ओढाताण करून आकडा जुळवला, याबद्दल माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, पण तो तर्कच. मूल्यांकनाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की ही सोळा पानं सलग नव्हती. क्थुलू चीननंतर आणि इजिप्तच्या आधी; मेल्निबोने जपाननंतर. त्यामुळे फर्मा उपटून काढला असं झालं नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणांचे पानांचे आकडे सरकले, अनुक्रमणिका बदलली. तपासणीला याचा फार उपयोग होतो.

१९८५ मध्ये त्याच १२८ पानी मजकुराला नवं मुखपृष्ठ आणि ‘लेजेंड्स अँड लोअर’ हे नवं नाव मिळालं. तेव्हा अमेरिकेत हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे नेतो असा ओरडा चालू होता. देव हा शब्द मुखपृष्ठावरून गेलेला बरा, असा विचार त्यामागे असल्याचं सर्रास मानलं जातं. ‘बंदी आलेलं पुस्तक’ हा जाहिरातवाल्यांचा दावा या दोन घटनांची खिचडी आहे : १९८१ ची गाळणी आणि पुढच्या चार-पाच वर्षांतला धार्मिक ओरडा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही आणि बंदी दोन्हींत नाही.

दुर्मीळ कशाला म्हणायचं

खरोखर दुर्मीळ काय असतं ते आधी पाहू. १९७९ च्या ‘ओरिजिन्स’ या खेळांच्या मेळाव्यातल्या स्पर्धेसाठी टीएसआरनं ‘लॉस्ट टमोआचान’ नावाची पुस्तिका छापली होती, जेमतेम ३०० प्रती. पुढच्याच वर्षी तेच साहस नेहमीच्या मॉड्यूलच्या, म्हणजे खेळायला तयार साहसाच्या पुस्तिकेच्या, रूपात सर्वत्र मिळू लागलं. त्यामुळे मजकूर कुणालाही मिळतो, पण ती मूळ पुस्तिका हवी असेल तर तीनशेतल्या जितक्या शिल्लक असतील तितक्यांतूनच शोधायची. १९७४ चं पहिलं खोकं हजारातलं. १९७४ चीच मंगळावरच्या लढायांची एक पुस्तिका मंगळकथांचा लेखक एडगर राइस बरोज याच्या वारसांची परवानगी नसल्यामुळे मागे घ्यावी लागली, तीही फार क्वचित दिसते.

‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ त्या पंगतीत बसत नाही. १९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगनमधल्या विद्यापीठातला एक विद्यार्थी बेपत्ता झाला, वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध या खेळाशी जोडला (तो निराधार निघाला), आणि ज्या देशाला खेळाचं नावही माहीत नव्हतं तो देश पुस्तकं विकत घ्यायला धावला. १९८० मध्ये आलेलं जाड बांधणीचं पुस्तक त्या लाटेवर छापलेलं आहे. त्याची एक नव्हे, दोन मुद्रणं १४४ पानी आहेत. पुठ्ठाही भक्कम, त्यामुळे प्रती टिकल्या. कुठल्याही दिवशी लिलावाच्या संकेतस्थळावर शोध घेतला तर १४४ पानी प्रत विकायला असतेच, बहुतेक वेळा एकाहून जास्त.

मग किंमत का? मागणी आहे म्हणून. गोष्ट चांगली आहे म्हणून. आणि त्या सोळा पानांना पर्याय नाही म्हणून. २०१२ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ शाखेची मूळ तीन पुस्तकं पुन्हा छापली गेली तेव्हा हे पुस्तक त्यांत नव्हतं. अधिकृत पीडीएफ मिळते ती गाळीव मजकुराची. क्थुलूची एरोल ओटसनं काढलेली चित्रं आणि मेल्निबोनेची जेफ डीची चित्रं, या मांडणीत, पुन्हा छापायची तर आता कितीतरी हक्कदारांना एका खोलीत बसवावं लागेल. ते होणार नाही.

त्यामुळे या पुस्तकाला ‘हवंसं’ म्हणावं, ‘दुर्मीळ’ म्हणू नये. हा फरक खिशाला कळतो. दुर्मीळ वस्तू समोर आली की घासाघीस न करता घ्यावी लागते, कारण पुन्हा कधी दिसेल सांगता येत नाही. हवीशी वस्तू सोडून देता येते. पुढच्या महिन्यात दुसरी येते, कदाचित बऱ्या स्थितीत. ‘आत्ता नाही घेतलं तर गेलं’ हा विक्रेत्याचा हुकमाचा पत्ता या पुस्तकाबाबत चालत नाही, आणि तेवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

प्रत हातात नसताना तपासणी

‘फर्स्ट एडिशन’ या शब्दांकडे आधी दुर्लक्ष करायचं. या खेळाच्या जगात ते नियमांच्या पिढीचं नाव आहे. १९८९ मध्ये दुसरी पिढी आली, त्याआधीचं या शाखेचं सगळं पहिल्या पिढीचं. विक्रेता खोटं बोलतोय असंही नसतं, त्याला खरंच तसं वाटतं. सालाचंही तेच. १२८ पानी प्रतीतही हक्काचं साल १९८०च आहे, म्हणून त्या पानाचा फोटो पाहून काहीच कळत नाही. मुखपृष्ठही तेच.

विक्रेत्याकडे मागायचे ते अनुक्रमणिकेचा फोटो, शेवटच्या क्रमांकाच्या पानाचा फोटो आणि क्थुलू व मेल्निबोने या दोन्ही प्रकरणांच्या पहिल्या पानांचे फोटो, पुस्तक पूर्ण उघडून, मधली शिवण दिसेल असे. शिवणीचा आग्रह अशासाठी की काही महाभाग १२८ पानी प्रतीत छापील झेरॉक्स खोचून ठेवतात. बहुतेकदा फसवायला नाही, कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी मित्राच्या प्रतीवरून स्वतःच्या खेळासाठी काढलेली असते. पण अनुक्रमणिका लपत नाही.

उलटही घडतं. १४४ पानी प्रतीतून नेमकी तीच पानं गायब असतात. कुणी खेळायला नेली, कुणी चित्र कापून भिंतीवर लावलं. प्रत १४४ पानी आहे एवढं कळल्यावर हुरळून न जाता प्रत्येक पान आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला थेट लेखी विचारावा. ‘मला तरी पूर्ण वाटतंय’ हे उत्तर नव्हे.

ऋणनिर्देशातल्या केऑसियमच्या ओळीवरून १४४ की १२८ हे ठरवायला जाऊ नये. पहिल्या मुद्रणात ती नाहीच, त्यामुळे ओळ नाही म्हणून प्रत गाळीव समजाल तर चांगला सौदा हातचा जाईल. ती ओळ फक्त एका कामाची : प्रत १४४ पानी आहे हे ठरल्यानंतर ती पहिल्या मुद्रणाची की दुसऱ्या हे त्यावरून कळतं. पहिल्याला काही जण बरेच जास्त पैसे देतात. मी देत नाही. दोन्हींत तीच पानं, तीच चित्रं आहेत. उलट दुसऱ्या मुद्रणात दोन कंपन्यांच्या त्या तडजोडीचा छापील पुरावा आहे, म्हणून मला तेच जास्त आवडतं. पण बाजार माझ्या आवडीनं चालत नाही. पुढे विकायची असेल तर पहिल्या मुद्रणाची प्रत जरा लवकर उठते.

स्थिती

ही पुस्तकं शोभेसाठी नव्हती. शीतपेयाचे डाग, फासे ठेवून पडलेले वळ, पेन्सिलीनं देवांसमोर केलेल्या खुणा (मारला की फुली, असं मी स्वतः पाहिलं आहे), पहिल्या पानावर बॉलपेननं मुलाचं नाव आणि शाळेचा वर्ग. या खुणांचा भाव सारखा नसतो.

सर्वात जास्त नुकसान बांधणीचं. पुठ्ठा आणि आतला पहिला कागद जिथे जुळतात तिथे फट पडली, पुस्तक धरल्यावर डुलायला लागलं, की किंमत निम्म्यावर येते असं मी धरतो. पाठीच्या वरच्या-खालच्या टोकांची झीज जवळपास सगळ्या प्रतींना असते, कारण मुलं पुस्तक फळीवरून तिथेच बोट घालून ओढतात. ती थोडी असेल तर सोडून द्यावी. कोपरे बोथट असणं क्षम्य. आतलं नाव क्षम्य, तेही पेन्सिलीनं असेल तर जवळपास नगण्य. ग्रंथालयाचा शिक्का आणि पाठीवरची चिठ्ठी मात्र भाव चांगलाच पाडते. पिवळ्या हायलायटरनं रंगवलेलं पान मला बघवत नाही, बाजारालाही नाही. आणि वास. तो फोटोत येत नाही. अमेरिकेतल्या तळघरांत पडून असलेल्या पुस्तकांना कुबट वास धरतो आणि तो सहजासहजी जात नाही. सिगारेटचा आणि ओलीचा वास आहे का, हे विचारायला लाजू नये.

आपल्याकडची एक सवय इथे सांगायला हवी. नवं पुस्तक आलं की खाकी कव्हर, वर नावाची चिठ्ठी, उसवलेल्या पाठीला सेलोटेप. शाळेच्या पुस्तकाला ठीक. पण जुन्या प्रतीला सेलोटेप लावणं म्हणजे तिची किंमत आपल्या हातानं कमी करणं. गोंद काही वर्षांत तपकिरी होतो आणि काढायला गेलं की छपाईसकट निघतो. उसवलेलं तसंच ठेवावं, किंवा कागदाचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्यावं. या पुस्तकाच्या भावात ते दुसरं बहुधा परवडत नाही.

आकडा

मागितलेली किंमत ही किंमत नसते. कुणीही काहीही मागू शकतो, आणि न विकली गेलेली प्रत वर्षभर त्याच आकड्याला पडून राहते; नवखा माणूस तोच आकडा बाजारभाव समजतो. बघायचे ते पूर्ण झालेल्या विक्रीचे आकडे, शक्यतो गेल्या काही महिन्यांचे, आणि त्यांतलेही सर्वात वरचे व सर्वात खालचे सोडून.

तसं केलं तर ठोकताळा असा बसतो. धडधाकट १२८ पानी प्रतीचा भाव एक धरा. त्याच स्थितीची १४४ पानी प्रत दोन ते तीन. १९८५ चं नव्या नावाचं पुस्तक एकाच्याही खाली. अगदी नव्यासारखी, कोपरे टोकदार असलेली १४४ पानी प्रत तीनच्या बरीच वर जाते, पण अशा प्रतीसाठी दोन हट्टी लोक एकाच रात्री समोरासमोर यावे लागतात, आणि त्या रात्रीचा आकडा दुसऱ्या प्रतीला लावता येत नाही. डॉलरमध्ये बोलायचं तर चांगल्या १४४ पानी प्रतीचं प्रकरण तीन आकड्यांत मिटतं. चार आकडी मागणी दिसली तर पान उलटावं. १९७४ च्या पहिल्या खोक्यांनी पाच आकडे पाहिले आहेत, पण त्यांची गोष्ट वेगळी.

जेम्स वॉर्ड २०२४ च्या मार्चमध्ये गेले. (खेळात ड्रॉमिज, Drawmij, नावाचा एक जादूगार आहे; रोमन अक्षरं उलटी वाचा : जिम वॉर्ड, जिम म्हणजे जेम्सच.) त्यांनी मेळाव्यांत अनेक वर्षं सह्या केल्या, त्यामुळे त्यांच्या सहीच्या प्रती आहेत आणि आता विक्रेते त्यांचे ज्यादा पैसे मागतात. सहीसोबत ती कुठे, कधी घेतली याचा फोटो किंवा कागद असेल तर थोडे जास्त द्यावेत. नुसती सही असेल तर तिचा भाव माझ्या लेखी शून्य.

भाव पुढे चढेल का? २०१४ मध्ये खेळाची पाचवी पिढी आली, २०१६ पासून एका गाजलेल्या मालिकेनं ऐंशीच्या दशकातल्या तळघरांतला हा खेळ घराघरांत दाखवला, मग टाळेबंदीत लोकांकडे वेळही होता आणि आठवणीही. या सगळ्यांत भाव वर गेले. पण १९८० मध्ये बारा-तेरा वर्षांचे असलेले खरेदीदार आता साठीला टेकलेत. मोठी घरं विकून लहान घरांत जाण्याचं त्यांचं वय आहे आणि त्यांच्या मुलांना बापाच्या फळ्यांचं ओझं वाटतं. घेणारे तेच आणि विकणारेही तेच असा हा बाजार आहे. गुंतवणूक म्हणून हे पुस्तक घ्यायला मी कुणाला सांगणार नाही.

पुण्या-मुंबईत बसून घ्यायचं तर

टपालखर्च हा इथला सर्वात मोठा अडथळा. पुस्तक मोठ्या आकाराचं, जाड पुठ्ठ्याचं, वजनदार. साध्या पाकिटात आलं तर कोपरे ठेचूनच येतं. दोन्ही बाजूंनी नालीदार पुठ्ठा आणि आत न हलणारं खोकं, असं स्पष्ट लिहून मागावं लागतं. १२८ पानी प्रतीवर पुस्तकाइतकाच टपालखर्च पडू शकतो, वर जकात. म्हणून बहुतेक जण तेच करतात जे आपण प्रेशर कुकरच्या उलट दिशेनं नेहमी करत आलो : अमेरिकेतल्या मावसबहिणीच्या पत्त्यावर मागवायचं आणि कुणीतरी दिवाळीला येईपर्यंत थांबायचं. यात एक तोटा आहे. पुस्तक तिच्या घरी पडून राहतं आणि परत करण्याची मुदत संपून जाते. म्हणून खोकं आल्या दिवशीच तिला उघडायला सांगावं, अनुक्रमणिका आणि शेवटचं पान यांचे फोटो मागवावेत, आणि एकदा तरी पानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलटून घ्यावीत. तिला क्थुलू कोण हे समजावून सांगण्याची तयारी ठेवावी.

इथे आल्यावर शत्रू दोन : पावसाळा आणि कसर. मुंबईत किंवा कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये लाकडी बंद कपाटात ठेवलेलं पुस्तक बुरशी धरतं, आणि पिवळे ठिपके एकदा उठले की जात नाहीत. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत कोंबणं आणखी वाईट, कारण आतली ओल आतच राहते. पॉलिएस्टरचं पारदर्शक वेष्टण दोन बाजूंनी उघडं ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, हवा खेळेल अशा फळीवर, उभं, आणि शेजारच्या पुस्तकांचा दाब न पडता ठेवावं. पुड्या पावसाळ्यात दोनदा तरी बदलाव्या लागतात.

राहता राहिली ती जाहिरातीतली प्रत. समजा विक्रेत्यानं फोटो पाठवले : शेवटचं पान १४४, अनुक्रमणिकेत दोन्ही प्रकरणं, शिवण शाबूत, ऋणनिर्देशात केऑसियमची ओळ, पाठीचं वरचं टोक झिजलेलं, पहिल्या पानावर पेन्सिलीनं एक नाव, वास नाही. अशा प्रतीला मी १२८ पानी प्रतीच्या भावाची अडीच पट देईन, वर टपालखर्च वेगळा. विक्रेता पाच पट मागत असेल तर आभार मानून गप्प बसेन. अशा प्रती पडून राहतात आणि दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस स्वतःहून आकडा खाली आणतो. आणि अनुक्रमणिकेचा फोटो मागितल्यावर उत्तरच आलं नाही, तर प्रत १२८ पानी समजून एक पट देईन, त्याहून एक डॉलरही जास्त नाही.